चेहरा, आवाज आणि कल्पनेचा अधिकार : 'स्टार ट्रेक' मालिकांतील पूर्वग्रह व आशा यांचे स्वरूप

विज्ञानकथा भविष्याचे चित्र रेखाटत असली, तरी तिचा रोख वर्तमानाकडे असतो, हे विधान समीक्षेत रूढ झाले आहे. परंतु हा रोख कोणत्या मार्गांनी व्यक्त होतो आणि प्रत्येक मार्गाची मर्यादा कोणती, याचा विचार त्या मानाने कमी होतो. अमेरिकेतील 'स्टार ट्रेक' ही दूरचित्रवाणी मालिका (१९६६-६९) आणि तिच्या उत्तरकालीन मालिका यांच्या आधारे हा प्रश्न प्रस्तुत लेखात तपासावयाचा आहे.

१. उपस्थिती

जीन रॉडनबेरी यांच्या या मालिकेतील 'एंटरप्राइज' यानाच्या नियंत्रणकक्षात उहुरा ही कृष्णवर्णीय स्त्री संदेशवहन अधिकारी आहे, तर सुलू हा आशियाई वंशाचा यानचालक आहे. त्यांच्या तेथे असण्याचे कारण संहिता कधीही देत नाही. हे मौनच अर्थपूर्ण आहे. ज्याच्या उपस्थितीचे समर्थन करावे लागत नाही, तोच त्या जगाचा खरा नागरिक असतो. सुलूची भूमिका करणारे जॉर्ज टाकेई यांचे बालपण दुसऱ्या महायुद्धकाळात जपानी वंशाच्या अमेरिकी नागरिकांसाठी उभारलेल्या बंदिछावण्यांत गेले होते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे त्या आसनाचे मोल कळते. उहुराची भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स मालिका सोडण्याच्या विचारात असताना मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना परावृत्त केले, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. उहुराच्या वाट्याला येणारे संवाद मात्र बहुधा मोजकेच असत. उपस्थिती म्हणजे वाणी नव्हे, ही या पहिल्या मार्गाची मर्यादा होय.

२. अन्योक्ती

पूर्वग्रहाचे चित्रण मालिका मुख्यतः परग्रहवासीयांच्या द्वारे करते. भारतीय साहित्यशास्त्राच्या परिभाषेत ही अन्योक्ती आहे : अप्रस्तुताच्या वर्णनातून प्रस्तुताचा बोध. १० जानेवारी १९६९ रोजी प्रसारित झालेला 'लेट दॅट बी युअर लास्ट बॅटलफिल्ड' हा भाग याचे ठळक उदाहरण आहे. बील आणि लोकाई या दोघांचेही चेहरे उभे विभागलेले, अर्धे काळे व अर्धे पांढरे आहेत. एकाची उजवी बाजू काळी, तर दुसऱ्याची डावी. हा फरक बीलला स्वयंसिद्ध वाटतो. यानाच्या कप्तानाला मात्र तो दाखवून द्यावा लागतो. बहुतेक प्रेक्षकांचीही तीच अवस्था होते. भेद नजरेला उपजत दिसत नाही, तो पाहण्यास शिकवावा लागतो, हा आशय येथे दृश्यातूनच पोहोचतो. अखेरीस त्यांचा ग्रह परस्परसंहाराने निर्मनुष्य झाल्याचे कळते, आणि तरीही त्या दोघांचा झगडा थांबत नाही.

या अन्योक्तीत एक उणीव आहे. लोकाईचा समाज बीलच्या समाजाच्या गुलामगिरीत राहिलेला आहे, असे त्याच भागात सूचित होते. परंतु शेवट दोघांचा द्वेष एकाच मापाने मोजतो. पीडक आणि पीडित यांच्यातील विषमता 'द्वेष वाईट' या सर्वमान्य बोधात विरून जाते. पूर्वग्रहाचा निषेध करून निश्चिंत होण्याची सोय प्रेक्षकाला मिळते. तो पूर्वग्रह स्वतःत शोधण्याची गरज त्याला उरत नाही.

३. चेहरा आणि आवाज

१९७३-७४ मध्ये फिल्मेशन या संस्थेने याच पात्रांची ॲनिमेशन मालिका काढली. हा प्रकार येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. रेखाटलेल्या पात्राला कोणताही देह देता येतो. तीन हात व तीन पाय असलेला आरेक्स हा अधिकारी या मालिकेतच प्रथम आला. परंतु रेखांकनात चेहरा आणि आवाज वेगळे होऊ शकतात. खर्च वाचवण्यासाठी निकोल्स व टाकेई यांना वगळून त्यांच्या पात्रांना इतर कलावंतांचे आवाज देण्याचा विचार होता. त्यांच्याविना काम करण्यास लेनर्ड निमॉय यांनी नकार दिल्यावर दोघांचा समावेश झाला. म्हणजे पडद्यावर विविधता जशीच्या तशी राहिली असती, आणि ती साकार करणारी माणसे मात्र बाहेर गेली असती. पुढे याच मालिकेतील 'द लोरेलाय सिग्नल' या भागात उहुरा यानाचे नेतृत्व हाती घेते. ते नेतृत्व निकोल्स यांच्याच आवाजात ऐकू येते.

हीच फारकत भारतीय संदर्भातही आढळते. १९६७ मधील 'स्पेस सीड' या भागातील खान नूनियन सिंग हा उत्तर भारतातील शीख असावा, असे संहिता सुचवते. त्याची भूमिका मेक्सिकोत जन्मलेले रिकार्डो मोन्ताल्बान यांनी केली आणि २०१३ च्या चित्रपटात ती ब्रिटिश अभिनेते बेनेडिक्ट कंबरबॅच यांच्याकडे गेली. याउलट मुंबईत जन्मलेल्या पर्सिस खंबाटा यांना १९७९ च्या चित्रपटात भूमिका मिळाली, ती परग्रहावरील स्त्रीची.

४. कल्पनेचा अधिकार

१९९८ मधील 'फार बियाँड द स्टार्स' हा 'डीप स्पेस नाइन' मालिकेतील भाग हा प्रश्न उघडपणे मांडतो. येथे अन्योक्ती नाही. काळ १९५३, स्थळ न्यूयॉर्क. बेनी रसेल हा कृष्णवर्णीय लेखक अंतराळस्थानकाच्या कृष्णवर्णीय कप्तानाची कथा लिहितो. नियतकालिकाच्या लेखकांचे छायाचित्र काढावयाचे असते, तेव्हा त्याने आणि तेथील लेखिकेने त्या दिवशी फिरकू नये, असे सुचवले जाते. कथा 'स्वप्न' म्हणून छापण्याची तडजोडही अखेर मालकाला सोसत नाही. अंकच रद्द होतो. म्हणजे पूर्वग्रह वर्तमानातील जागा नाकारतोच, शिवाय भविष्य कल्पिण्याचा अधिकारही नाकारतो. त्यामुळे येथील आशा हा भाबडा आशावाद राहत नाही, तो एक हक्क ठरतो.

निष्कर्ष

उपस्थिती, अन्योक्ती, आवाज आणि कल्पनेचा अधिकार या चार पातळ्या परस्परांना पर्याय नाहीत. अन्योक्ती पूर्वग्रहाचे तर्कदुष्टत्व दाखवते, पण पीडिताचा स्वर तिच्यात हरवू शकतो. उपस्थिती आशा जागवते, पण वाणीवाचून ती शोभेपुरती उरते. अनुभूती आणि सहानुभूती यांच्या भेदाची चर्चा मराठीत दलित साहित्याच्या निमित्ताने झालेली आहे. तो भेद विज्ञानसाहित्याला लावून पाहिल्यास 'भविष्यात कोण दिसते ?' या प्रश्नापाशी अभ्यासकाला थांबता येणार नाही. ते भविष्य कोणी कल्पिले आणि कोणाच्या आवाजात सांगितले, हेही विचारावे लागेल.