कादंबरीची सोबत

सातव्या शतकात सम्राट हर्षवर्धनाच्या आश्रयास बाणभट्ट नावाचा मोठा लेखक होता. त्याने संस्कृत भाषेत एक दीर्घ गद्यकथा लिहिण्यास घेतली. परंतु ती पूर्ण होण्यापूर्वीच तो निवर्तला आणि त्याच्या पुत्राने ती तडीस नेली. त्या कथेच्या नायिकेचे नाव कादंबरी. पुढे मराठी भाषेने हेच नाव सर्व दीर्घ गद्यकथांना दिले. बाबा पदमनजी यांची १८५७ साली प्रसिद्ध झालेली ‘यमुनापर्यटन’ ही मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते.

लहानशी गोष्ट एका बैठकीत वाचून होते. कादंबरीला मात्र आठ-पंधरा दिवस लागतात. तेवढ्या अवधीत तिच्यातील माणसे वाचकाच्या ओळखीची होतात आणि त्यांचे पुढे काय झाले असेल, या विचाराने जेवतानाही मन पुस्तकाकडे धाव घेते. ‘जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे’ अशी मराठीत म्हण आहे. दुसऱ्याच्या वंशात जन्म घेणे कोणासही शक्य नाही. पण चांगली कादंबरी वाचकाला काही दिवस दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवते. तिचा खरा लाभ हाच होय.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. ते १९३५ साली प्रसिद्ध झाले. आश्रमातील मित्रांना श्याम रोज रात्री आपल्या आईच्या आठवणी सांगतो. म्हणून यातील प्रकरणांना ‘रात्र’ असे नाव आहे. अशा बेचाळीस रात्री या पुस्तकात आहेत. एका रात्रीच्या कथेत आई भाजीत मीठ घालण्यास विसरते. वडील ती अळणी भाजी निमूटपणे खातात. त्यांच्याकडे पाहून मुलेही काही बोलत नाहीत. शेवटी आई स्वतः जेवावयास बसते, तेव्हा तिला आपली चूक समजते आणि कोणी सांगितले कसे नाही, याची हळहळ वाटते. घटना केवढी लहान! पण श्रम करून रांधणाऱ्या माणसाचे मन कसे जपावे, हे ती जन्मभर विसरू देत नाही.

व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. माणदेशातील धनगरांच्या एका वाडीवर राजाराम नावाचा तरुण मास्तर म्हणून येतो. शाळा आहे, पण शाळेत मुले नाहीत. मुले शिकावयास बसली, तर मेंढरे कोणी राखावीत, हा तेथील खरा प्रश्न आहे. रोज शाळेत जाणाऱ्या वाचकाला शाळेची ही दुसरी बाजू प्रथमच दिसते. हळूहळू मास्तर वाडीचा होतो. मुले जमू लागतात. सर्वांच्या श्रमातून तालीम उभी राहते. सारे काही मार्गी लागले असे वाटत असतानाच पाऊस तोंड फिरवतो. मेंढरे मरू लागतात, माणसे एकामागून एक घरे सोडतात आणि अखेर वाडीच ओस पडते. लेखक कोठेही गळा काढीत नाही. जे घडले ते तो शांतपणे सांगतो, आणि म्हणूनच ते मनाला अधिक लागते. भूगोलाच्या पुस्तकातील ‘अवर्षण’ हा शब्द अनेक मुलांनी पाठ केलेला असतो. त्या शब्दामागे केवढे ओस घर उभे आहे, हे ‘बनगरवाडी’ दाखवते.

इतिहासाची आवड असणाऱ्यांसाठी हरि नारायण आपटे यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी आहे. तानाजी मालुसऱ्यांनी १६७० साली कोंढाणा कसा जिंकला, ते तीत वाचावयास मिळते. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तानाजी खरा, कोंढाणा खरा आणि ती लढाईही खरी. पण पात्रांची संभाषणे आणि त्यांच्या मनातील घालमेल बव्हंशी लेखकाच्या कल्पनेतून आलेली असते. काय घडले ते इतिहासाला विचारावे. घडत असताना माणसांना काय वाटले असेल, ते कादंबरीला विचारावे.

सर्वच वाचन गंभीर असावे असे मात्र नाही. भा. रा. भागवत यांचा फास्टर फेणे हा फुरसुंगीचा, अंगाने किडकिडीत मुलगा. त्याचे खरे नाव बनेश. बळापेक्षा चपळाई आणि धिटाई यांच्या जोरावर तो संकटांतून पार पडतो. ज्यांना जाड पुस्तकाचे भय वाटते, त्यांनी त्याचा हात धरून या वाटेला लागावे.

‘श्यामची आई’वर आचार्य अत्रे यांनी १९५३ साली उत्तम चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. मग पुस्तक वाचण्याचे कारण काय? चित्रपटात सर्वांना एकच आई दिसते. पुस्तकातील आईला मात्र प्रत्येक वाचक आपल्या मनात स्वतः घडवतो. तिचा आवाज, तिचा हात त्याच्या ओळखीचा असतो. असे घडवता घडवता त्याचे स्वतःचे मनही घडत जाते.

अभ्यास

शब्दार्थ : निवर्तणे – मरण पावणे. तडीस नेणे – पूर्ण करणे. अळणी – मीठ नसलेले. बव्हंशी – बहुतेक. गळा काढणे – मोठ्याने रडणे.

प्रश्न :
१. ‘कादंबरी’ हे नाव मराठीत कोठून आले?
२. बनगरवाडीतील मुले शाळेत का येत नसत? यात दोष कोणाचा, असे तुम्हांस वाटते?
३. अळणी भाजीच्या प्रसंगी वडिलांनी बोलावयास हवे होते की नाही? सकारण लिहा.
४. इतिहास आणि ऐतिहासिक कादंबरी यांत कोणता फरक आहे?

उपक्रम : शाळेच्या ग्रंथालयातून वरीलपैकी एक पुस्तक घ्या. ते संपूर्ण वाचून, त्यातील ज्या माणसाला भेटावेसे वाटते त्याला दहा ओळींचे पत्र लिहा.