ब्राउझरमधून चिपमध्ये : फर्मवेअर भरण्याची नवी रीत

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने मायक्रोकंट्रोलरवर लेख लिहावा, हे आमच्या विज्ञान शाखेच्या मित्रांना थोडे गमतीचे वाटेल. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. विजेचे ज्ञान म्हणावे तर दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकापुरते. तरीही हा विषय मी मुद्दाम निवडला आहे. चिपमध्ये कार्यक्रम भरण्याचे काम एके काळी अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत किंवा कारखान्यातच होत असे. आता ते ब्राउझरच्या एका पानावरून होऊ शकते. कोणाला आत येता येते आणि कोणाला उंबऱ्यावर थांबावे लागते, याच्याशी या बदलाचा संबंध आहे. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मीच पहिली असल्यामुळे उंबऱ्याचा प्रश्न मला जवळचा वाटतो.

प्रथम शब्दांचा खुलासा करते. मायक्रोकंट्रोलर म्हणजे नखाएवढ्या चिपमध्ये बसवलेला छोटा संगणक. हिशेब करणारा भाग, स्मरणशक्ती आणि बाहेरच्या जगाशी बोलण्यासाठी पिना, असे सारे त्यात एकत्र असते. कपडे धुण्याचे यंत्र, वजनकाटा, विजेचा नवा मीटर, शेतातल्या मोटारीचा मोबाईलवर चालणारा स्टार्टर, या सर्वांच्या पोटात तो बसलेला असतो. त्याने काय करायचे हे सांगणारा जो कार्यक्रम चिपमध्ये कायम वस्तीला असतो, तो फर्मवेअर. हा शब्द १९६७ साली अ‍ॅशर ऑप्लर यांनी ‘डेटामेशन’ या नियतकालिकातील लेखात वापरला. त्यांना संगणकाच्या आतील सूक्ष्म आज्ञा अभिप्रेत होत्या, अर्थ पुढे विस्तारला. हार्डवेअर घट्ट, सॉफ्टवेअर मऊ आणि हे मधले ‘फर्म’, असा तो शब्दखेळ आहे. मराठीत ‘पक्की आज्ञावली’ म्हणता येईल, पण बाजारात कोणी म्हणणार नाही. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात ‘सॉफ्टवेअर मारणे’ म्हणतात, ते पुष्कळदा फर्मवेअर भरणेच असते.

आरंभी हा कार्यक्रम कारखान्यातच चिपमध्ये कोरला जाई. चूक निघाली तर चिप फेकून द्यायची. १९७१ साली इंटेलमधील डोव्ह फ्रोमन यांनी ईप्रॉम शोधली. तिच्या पाठीवर क्वार्ट्झची चिमुकली खिडकी असे. खिडकीतून पंधरा-वीस मिनिटे अतिनील प्रकाश पाडला की जुना मजकूर पुसला जाई. मग ‘प्रोग्रॅमर’ नावाच्या यंत्रात चिप बसवून नवा मजकूर लिहायचा आणि उजेडाने तो पुसला जाऊ नये म्हणून खिडकीवर चिठ्ठी चिकटवायची. पाटी उन्हात पुसावी तसा हा प्रकार! पुढे तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश स्मृती शोधली आणि पुसणे व लिहिणे दोन्ही विजेनेच होऊ लागले. २००५ साली इटलीतील इव्रेया गावी आर्डुइनो जन्मास आला. त्याने प्रोग्रॅमर यंत्रही बाजूला सारले आणि नुसत्या यूएसबी केबलवर काम आणले.

तरीही साधने, संगणक आणि समजावून सांगणारा माणूस एका जागी असावा लागे. महाराष्ट्रात अशी एक जागा पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या ग्रामीण मुलांना हाताने काम करता करता विज्ञान शिकवणे, हा त्यांचा मार्ग होता. २००२ साली एमआयटीचे प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने तेथे फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेतील त्या संस्थेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. फॅब लॅबच्या अभ्यासक्रमात बरीच वर्षे स्वतःचा प्रोग्रॅमर स्वतः बनवणे हा आरंभीचाच धडा असे. चिपशी बोलायचे तर आधी बोलण्याचे साधन घडवा, असा तो क्रम होता. शिक्षण म्हणून तो उत्तमच होता. परंतु प्रत्येक तालुक्याला पाबळ नाही.

२०१६ साली शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीने ईएसपी-३२ ही चिप आणली. वायफाय आणि ब्लूटूथ आतच आणि तयार बोर्ड पाचशे रुपयांच्या आसपास, त्यामुळे ती हौशी लोकांत फार पसरली. पैशाचा अडसर कमी झाला, पण दुसरा शिल्लक राहिला. फर्मवेअर भरण्यासाठी ‘ईएसपीटूल’ नावाचा कार्यक्रम लागे. त्यासाठी संगणकात पायथन हवे. मग काळ्या पडद्यावर लांबलचक आज्ञा टंकायच्या. ज्याच्या टेबलावर स्वतःचा संगणक आहे त्याला हे अर्ध्या दिवसाचे काम. आम्ही मात्र दहा जणांनी वापरायच्या संगणकावर बसतो. तेथे नवीन काही बसवायचे तर पासवर्ड लागतो, आणि पासवर्ड ज्यांच्याकडे असतो ते गृहस्थ नेमके त्या दिवशी रजेवर असतात!

मार्च २०२१ मध्ये क्रोम ब्राउझरच्या ८९व्या आवृत्तीत ‘वेब सीरियल’ ही सोय सर्वांसाठी खुली झाली. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्येही ती आहे. हिच्यामुळे एखादे वेबपान संगणकाला यूएसबीने जोडलेल्या बोर्डाशी थेट बोलू शकते. एस्प्रेसिफने आपल्या ईएसपीटूलची जावास्क्रिप्टमधील आवृत्ती काढली, ईएसपीहोमच्या मंडळींनी ‘ईएसपी वेब टूल्स’ नावाचे तयार बटण केले, आणि ज्याला आपले फर्मवेअर लोकांना द्यायचे आहे त्याने ते बटण आपल्या पानावर लावायचे, अशी वहिवाट पडली. संगणकात वेगळे काही बसवावे लागत नाही. अपवाद ड्रायव्हरचा. बोर्डावर यूएसबीचे भाषांतर करणारी जी सीपी-२१०२ किंवा सीएच-३४० चिप असते तिचा ड्रायव्हर संगणकात हवाच. लिनक्समध्ये तो बहुधा आधीच असतो, विंडोज पुष्कळदा आपण होऊन मागवून घेते.

बटण दाबल्यावर पडद्यामागे काय घडते, हा मला या विषयातला सर्वांत रसाळ भाग वाटला. प्रथम ब्राउझर एक चौकट दाखवतो आणि कोणते यंत्र या पानाच्या हवाली करायचे ते विचारतो. आपण बोट ठेवल्याशिवाय पानाला कोणताही पोर्ट मिळत नाही. नंतर पान दोन तारा हलवते. डीटीआर आणि आरटीएस ही त्यांची नावे. टेलिफोनच्या मोडेमच्या काळातील या खुणा आता वेगळ्याच कामाला लागल्या आहेत. एकीने चिप क्षणभर बंद करून पुन्हा जागी करायची, दुसरीने त्याच वेळी शून्य क्रमांकाची पिन खाली ओढून धरायची. जागी होताना ती पिन खाली दिसली की चिप आपला नेहमीचा कार्यक्रम सुरू करत नाही, नव्या भरणीची वाट पाहत बसते. काही बोर्डांवर हे आपोआप होत नाही. तेथे ‘बूट’ लिहिलेली कळ बोटाने दाबून धरावी लागते.

वाट पाहण्याची ही अक्कल चिपच्या ज्या कप्प्यात आहे तो कारखान्यातच कोरलेला असतो आणि पुसता येत नाही. भरणी अर्धवट राहिली, मध्येच वीज गेली, तरी चिप मरत नाही. पुन्हा जागी करून पुन्हा भरता येते. आमच्याकडे वीज कशी जाते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे मोल कळेल.

मग फाईल तुकड्यातुकड्याने जाते. सेकंदाला १,१५,२०० बिट या नेहमीच्या वेगाने, एका अक्षराला दहा बिट धरले तर, सेकंदाला ११,५२० बाइट पोचतात. म्हणजे एक मेगाबाइटला सुमारे दीड मिनिट. प्रत्यक्षात मजकूर दाबून लहान करून पाठवतात, त्यामुळे वेळ कमी लागतो. शेवटी पोचलेल्या मजकुराची गोळाबेरीज ताडून पाहता येते.

कोणता तुकडा कोठे ठेवायचा हे पानाला कसे कळते? त्यासाठी ‘मॅनिफेस्ट’ नावाची एक साधी मजकुराची फाईल असते. फर्मवेअरचे नाव, आवृत्ती, कोणत्या जातीच्या चिपसाठी, कोणती फाईल, आणि कोणत्या पत्त्यावर. मूळ ईएसपी-३२ साठी हे पत्ते बहुधा ४०९६, ३२७६८ आणि ६५५३६ असे दिसतात. पहिल्यावर आरंभक, दुसऱ्यावर जागेच्या वाटणीचा तक्ता, तिसऱ्यावर मुख्य कार्यक्रम. कधी सर्व फाईली आधीच जोडून एकच मोठी फाईल केलेली असते आणि पत्ता शून्य असतो. हा मॅनिफेस्ट गावाच्या सातबाऱ्यासारखा वाचता येतो. त्यासाठी अभियंता असावे लागत नाही, सावकाश वाचायची सवय असावी लागते, आणि ती कला शाखेत लागतेच. माझ्या मते बटण दाबण्याआधी हा मजकूर उघडून वाचणे हाच या विद्येचा पहिला धडा असावा.

घरी मी याचा जो उपयोग केला तो अगदी साधा आहे. नवीन जालन्यात आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही, आणि येतो तेव्हा वेळेचा नेम नसतो. वडील रोलिंग मिलमध्ये पाळीवर. त्यामुळे नळासाठी जागायचे ते आईने. तिच्या झोपेचा हिशेब आमच्या घरात कधी कोणी केला नव्हता. मी नळाखालच्या बादलीत एक फ्लोट स्विच सोडला, त्याच्या दोन तारा बोर्डाला जोडल्या, एक बझर लावला आणि मोबाईलचा जुना चार्जर वीजपुरवठ्याला दिला. फर्मवेअर टास्मोटाचे. नेदरलँड्सचे थिओ अरेंड्स यांनी ते सुरू केले. ते मुक्त आहे आणि त्याचे भरणीचे पान ब्राउझरमध्ये उघडते. भरल्यावर बोर्डाचे स्वतःचे एक पान फोनवर दिसते. तेथे कोणत्या पिनवर स्विच, कोणत्या पिनवर बझर, हे निवडायचे आणि एका ओळीचा नियम लिहायचा : स्विच चालू झाला की बझर वाजव. बादलीत पाणी चढले की फ्लोट उचलला जातो आणि बझर ओरडतो. आई म्हणाली, “एवढा आवाज कशाला, शेजारच्या काकू उठतील.” उठू देत. त्यांनाही पाणी भरायचेच असते.

आता दुसरी बाजू. भरणे सोपे झाले म्हणून भरले ते काय आहे हे कळले, असे होत नाही. बिन फाईल उघडून वाचता येत नाही, आणि साध्या बोर्डावरील चिप फर्मवेअर कोणाचे आहे हे विचारत नाही. दिले ते चालवते. आपण घरच्या वायफायचा पासवर्ड मात्र तिला विश्वासाने सांगतो. म्हणून पान कोणाचे आहे, मूळ आज्ञावली उघड ठेवलेली आहे का, हे पाहिल्याशिवाय बटण दाबू नये. मोझिलाने वेब सीरियलवर आरंभी ‘हानिकारक’ असा शेरा मारला होता तो उगाच नव्हे. २०१८ साली दोन संशोधकांनी दाखवून दिले की वेब यूएसबी या जुळ्या सोयीच्या वाटेने एखादे फसवे पान यूबिकी निओ या सुरक्षा-किल्लीशी बोलू शकते. ती वाट गूगलला बंद करावी लागली. बोर्ड दुसऱ्याला देण्यापूर्वी ‘सर्व पुसा’ हा पर्यायही वापरावा. वायफायचा पासवर्ड चिपमध्येच राहिलेला असतो.

याच्या उलट टोकाची गोष्ट म्हणजे कुलूपबंद पेटी. ईएसपी-३२ मध्ये ‘सिक्युअर बूट’ आहे. निर्मात्याने ते चालू केले की चिपमधील सूक्ष्म फ्यूज जळतात आणि पुन्हा जोडले जात नाहीत. त्यानंतर त्याच्या सहीशिवायचे फर्मवेअर चिप चालवत नाही. विजेच्या मीटरला असे कुलूप हवेच. पण शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने घेतलेल्या स्टार्टरच्या पेटीलाही ते असावे का? कंपनी बंद पडली तर त्या पेटीचे काय करायचे? वाणिज्य आणि राज्यशास्त्राच्या वर्गात हा प्रश्न चर्चेला घेण्यासारखा आहे. माझे स्वतःचे मत पेटी ज्याची, किल्ली त्याची, असे आहे.

एक अडचण अजून उरलीच आहे. आमच्या वर्गात फोन जवळजवळ सर्वांकडे, संगणक थोड्यांकडे. आणि फोनवर हे काम संगणकाइतके सरळ होत नाही. आयफोनच्या सफारीत वेब सीरियल नाही. अँड्रॉइडवर काही पाने वेब यूएसबीच्या आडवाटेने काम भागवतात. त्यापेक्षा संगणक-कक्षातील क्रोम बरा. तेथे पासवर्डचा प्रश्न येत नाही.

ज्यांना करून पाहायचे असेल त्यांनी केबल तेवढी पारखून आणावी. स्वस्त चार्जिंग केबलमध्ये पुष्कळदा दोनच तारा असतात, वीज जाते पण मजकूर जात नाही, आणि चौकटीत यंत्राचे नाव उमटत नाही. फोनमधले फोटो ज्या केबलने संगणकात उतरतात ती चालते. बोर्ड माझ्याकडे दुसरा एक आहे.