इंजिन बदलायचं की बांधायचं?

पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करून बघायची नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी धाकट्या भावानं मुंबईतल्या मिलन सबवेत, साचलेल्या पाण्यात चावी फिरवलीच. मागून बस हॉर्न मारतेय, दाराच्या फटीतून पाणी आत येतंय, अशा वेळी हात आपोआप चावीकडे जातो. 'टक्' असा एकच आवाज झाला आणि इंजिन जाम.

डिझेल इंजिन सिलिंडरमधली हवा साधारण सोळा पटींनी दाबतं. पाणी मात्र दबत नाही. वर येणारा पिस्टन अडतो आणि त्याखालचा कनेक्टिंग रॉड वाकतो. आपण पाण्यात फार खोल गेलोच नव्हतो, असं म्हणण्यात अर्थ नसतो. हवा ओढणारं तोंड बऱ्याच गाड्यांत ग्रिलमागेच असतं आणि शेजारून गेलेल्या बसची लाट तिथवर सहज पोचते.

वर्कशॉपनं बॉनेट उघडलं, ऑइलची काडी बघितली (तेल चहासारखं झालं होतं) आणि अंदाज दिला: पूर्ण नवीन इंजिन. आकडा सात वर्षांच्या गाडीच्या निम्म्या किमतीवर जाणारा. दुसरा एक मेकॅनिक म्हणाला, "पाणी काढतो, तेल बदलतो, उद्या घेऊन जा." मला दोघंही सारखेच घातक वाटतात, कारण मोजलं कोणीच नव्हतं.

मोजलं तिसऱ्यानं. हेड उतरवून त्यानं एकेक पिस्टन पूर्ण वर आणला आणि ब्लॉकवर डायल गेज टेकवलं. तीन पिस्टन सारखे, दुसऱ्या नंबरचा जेमतेम मिलिमीटरभर खाली. नुसत्या डोळ्यांना काही कळत नव्हतं. असा वाकडा रॉड घेऊनही इंजिन चालू शकतं; थोडी थरथर, थोडा धूर. मग एखाद्या दिवशी हायवेवर रॉड तुटतो आणि ब्लॉक फोडून बाहेर येतो. तेव्हा मात्र बदलण्यावाचून इलाज नसतो. आमचा क्रँक लेथवाल्याकडे सरळ निघाला, बोअरही शाबूत होते. त्यामुळे रॉड, पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि गॅस्केट घालून इंजिन बांधलं. ब्लॉकला तडा असता, तर मी हाफ इंजिनच (हेडशिवायचं, ब्लॉक-क्रँक-पिस्टन बसवलेलं) घेतलं असतं. तुम्हीही अंदाजपत्रकावर सही करण्याआधी ही मापं लिहून मागा. टर्बो आणि इंटरकूलरमधलं पाणी काढलं का, तेही विचारा. नाहीतर नव्या रॉडची तीच गत.

पण इन्शुरन्सच्या सर्व्हेअरनं बघेपर्यंत एक बोल्टही खोलू देऊ नका. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पुराचं नुकसान धरतात, मात्र पाण्यात स्टार्टर मारून झालेलं इंजिनचं नुकसान 'परिणामी नुकसान' म्हणून नाकारतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. आमच्याकडे ते होतं, झीरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) नव्हतं. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला धातूच्या भागांवर 40 टक्के घसारा कापतात. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) 75 टक्क्यांवर गेला, तर गाडी टोटल लॉसमध्ये जाऊ शकते, आणि जुन्या गाडीला कधीकधी तेच परवडतं.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुनं इंजिन निम्म्याहून कमी पैशांत मिळतं, हा सल्ला हमखास येतो. मिळतंही. पण इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो, त्यामुळे ब्लॉक बदलला की आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नवा नंबर हवाच. ज्या गाडीतून ते काढलं तिची कागदपत्रं आणि पक्कं बिल दुकानदार देत नसेल, तर सौदा तिथेच सोडा. नंबर जुळला नाही की पुढचा क्लेम अडतो आणि गाडी विकतानाही गिऱ्हाईक मागे फिरतं.

बांधलेल्या इंजिनचं पहिलं तेल हजार किलोमीटरच्या आतच बदलून घ्या आणि तोवर घाटात गाडी फार ताणू नका. काढलेले रॉड-पिस्टन क्लेम मिटेपर्यंत वर्कशॉपला भंगारात टाकू देऊ नका. सर्व्हेअर ते पुन्हा बघायला मागतो.