लघवीची पिशवी बघत राहा

भावाला ११ केव्हीचा शॉक बसला तो तुषार सिंचनाचा पाइप उभा करताना. आमच्या लोणी भापकरच्या जिरायती पट्ट्यात तारा किती खाली लोंबतात, ते वेगळं सांगायला नको. वरून जखम दिसत होती तळहातावर आणि पायाला एवढीच. त्यामुळे पहिल्या दवाखान्यात ‘दहा टक्केच भाजलंय’ म्हणत सगळं निवांत चाललं.

पिशवीत कोऱ्या चहासारखी लघवी उतरली, ती मीच दाखवली. डॉक्टर म्हणाले, "औषधानं होतं तसं. तुम्ही बाहेर बसा." पुन्हा सांगायला गेलो तर सिस्टरला सांगून मला बाहेर काढलं, तेही चार पेशंटच्या नातेवाइकांसमोर. पुढे पुण्यातल्या डॉक्टरांनी फाईल उघडून आधी हेच विचारलं, "तासाला लघवी किती होत होती?" फाईलमध्ये त्याची नोंदच नव्हती. मी ओरडत होतो ते खरं होतं, हे तिथं कळलं. पण तोवर किडनी बिघडून क्रिएटिनिन चढलं होतं.

वीज आतून स्नायू जाळते. त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरून मूत्रपिंडाच्या बारीक नळ्या तुंबवतं. साध्या भाजण्यात मोठ्या माणसाला किलोमागे तासाला अर्धा मिली लघवी पुरते. काळपट लघवी आली की ती तासाला ७५ ते १०० मिली व्हावी इतकं सलाईन लागतं. कातडीच्या टक्केवारीवर हिशेब केला तर कमीच पडणार. आणि सलाईनच्या हिशेबातले पहिले ८ तास मोजायचे ते भाजल्यापासून, भरती झाल्यापासून नव्हे. मोरगाव-जेजुरी-सासवडच्या रस्त्यात गेलेला वेळही त्यातच धरायचा.

डायलिसिसची वेळ आली तेव्हा भावाचा रक्तदाब औषधावर टिकून होता, नेहमीचं चार तासांचं डायलिसिस झेपलं नसतं. रात्रंदिवस संथ चालणारं मशीन लागलं. पेशंट हलवण्याआधी फोनवर विचारा, ते मशीन आहे का? किडनीचे डॉक्टर रोज बघतात, की ‘लागलं तर बोलावू’? डायक्लोफेनॅक किंवा अमिकासिन देताना क्रिएटिनिन बघितलंय का, तेही विचारा. रागावले तर रागावू देत.

रेशनकार्ड, आधार जवळ ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत भाजलेल्यांचे उपचार येतात. धीर सोडू नका.

भावाचं डायलिसिस सुटलं, हात मात्र कोपरापासून गेला. पेशंटचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत द्यावेत, असा डॉक्टरांसाठी २००२ चा नियम आहे. पहिल्या दवाखान्यात मी लेखी अर्ज देऊन पोच घेतली आहे. कागद अजून दिलेले नाहीत.