सिकलसेलचा रुग्ण आणि ‘ई’ जीवनसत्त्वाची गोळी

अशक्तपणा जाणवू लागला की एखादी शक्तिवर्धक गोळी घ्यावी, असा सल्ला घरोघरी दिला जातो. ‘ई’ जीवनसत्त्वाची हिरवी कॅप्सूल तर केस व त्वचा यांच्यासाठी डॉक्टरांना न विचारताही घेतली जाते. परंतु ज्या घरात सिकलसेलचा रुग्ण आहे, त्या घराने या गोळीचा विचार अधिक काळजीपूर्वक करणे अगत्याचे आहे. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, नंदुरबार व मेळघाट या भागांत अशी कुटुंबे पुष्कळ आहेत.

विकाराचे स्वरूप

सिकलसेल हा संसर्गजन्य रोग नाही. तो आई-वडिलांकडून अपत्याकडे येतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आल्यामुळे, प्राणवायू कमी पडताच तांबडी रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात व असह्य वेदना होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. रुग्णाच्या रक्तक्षयाचे हे मूळ कारण आहे.

आशा आणि अनुभव

‘ई’ जीवनसत्त्व पेशींच्या आवरणातील स्निग्ध पदार्थांचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करते. सिकलसेलच्या रुग्णांच्या रक्तात ते पुष्कळदा कमी आढळते. साहजिकच, ते बाहेरून दिल्यास पेशी अधिक टिकतील, अशी आशा निर्माण झाली. १९८० मध्ये अमेरिकेत थोड्या रुग्णांना रोज ४५० युनिट ‘ई’ जीवनसत्त्व देण्यात आले, तेव्हा कायमच्या वाकड्या झालेल्या पेशींचे प्रमाण घटल्याचे दिसून आले.

पुढील अनुभव मात्र वेगळा होता. ब्राझीलमधील रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांना रोज १४०० मिलिग्रॅम ‘क’ व ८०० मिलिग्रॅम ‘ई’ जीवनसत्त्व सहा महिने देण्यात आले होते. त्यांचा रक्तक्षय कमी झाला नाही. उलट रक्तपेशी फुटण्याची लक्षणे वाढली. दोन्ही जीवनसत्त्वे एकत्र दिलेली असल्याने दोष एकट्या ‘ई’ला देता येत नाही. तथापि, मोठी मात्रा लाभदायकच असते, हा समज या चाचणीने टिकू दिला नाही.

अधिक मात्रेचे धोके

अमेरिकेत प्रौढ व्यक्तीची ‘ई’ जीवनसत्त्वाची रोजची गरज १५ मिलिग्रॅम मानली जाते. ४०० युनिटांच्या एका कॅप्सूलमध्ये त्याच्या दहापटींहून अधिक मात्रा असते. पूरक औषधांसाठी प्रौढांची कमाल मर्यादा १००० मिलिग्रॅम ठरविलेली आहे. परंतु ती निरोगी लोकसंख्येसाठी आहे, रुग्णाने तिचा आधार घेऊ नये.

मोठ्या मात्रेतील ‘ई’ जीवनसत्त्व ‘के’ जीवनसत्त्वाच्या कार्यात अडथळा आणते व रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. अमेरिकेतील पन्नाशी ओलांडलेल्या पुरुष डॉक्टरांना एक दिवसाआड ४०० युनिट देऊन केलेल्या चाचणीत मेंदूतील रक्तस्राव अधिक आढळला, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. हे डॉक्टर सिकलसेलचे रुग्ण नव्हते. परंतु सिकलसेलमध्ये पक्षाघाताचा धोका मुळातच असतो, म्हणून ही नोंद दुर्लक्षिण्याजोगी नाही. वॉरफेरिन किंवा ॲस्पिरिन चालू असलेल्या रुग्णाने, तसेच शस्त्रक्रियेपूर्वी, या गोळीची माहिती डॉक्टरांना दिलीच पाहिजे.

बाजारातील अनेक मिश्र टॉनिकांत लोहही असते. वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या रुग्णाच्या शरीरात लोह आधीच साठलेले असते. म्हणून वेष्टनावरील घटक वाचणे आवश्यक आहे.

आहार व उपचार

आहारातील ‘ई’ जीवनसत्त्वापासून असा धोका नाही. करडई व सूर्यफुलाचे तेल, शेंगदाणे, बदाम व हिरव्या पालेभाज्या यांतून ते मिळते. मूठभर शेंगदाण्यांतून अडीच मिलिग्रॅमच्या आसपास मिळते. रक्ततपासणीत कमतरता आढळल्यास गोळीची मात्रा व मुदत डॉक्टरांनी ठरवावी.

मुख्य म्हणजे कोणतीही जीवनसत्त्वाची गोळी नियमित उपचारांची जागा घेऊ शकत नाही. डॉक्टरांनी दिलेले फॉलिक ॲसिड व हायड्रॉक्सियुरिया बंद करून कॅप्सूलवर भिस्त ठेवणे घातक ठरते. भरपूर पाणी पिणे, थंडीपासून जपणे, आणि ताप, छातीत दुखणे किंवा हातापायांतील शक्ती जाणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठणे, ही खरी काळजी होय.

गावपातळीवरील कर्तव्य

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी व २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून विवाहापूर्वी तपासणी करून घेणे इष्ट ठरते.

शिक्षकांनी वर्गातील रुग्ण विद्यार्थ्यास पाणी पिण्याची मुभा द्यावी व वेदनेमुळे झालेली गैरहजेरी समजून घ्यावी. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत तपासणीचा विषय मांडावा. रुग्णाच्या हाती नवी गोळी दिसल्यास ती प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवूनच घ्यावी, असे त्याच्या कुटुंबास सांगावे. एवढ्या दक्षतेनेही एखाद्या रुग्णावरील संकट टळू शकेल.