वर्गातील मूल्यमापन : हेतू आणि व्यवहार

शिक्षणक्रमात परीक्षेला आपल्याकडे फार मोठे स्थान प्राप्त झाले आहे. पालक शाळेची पारख निकालावरून करतात, शिक्षकाच्या कामाची मोजदाद निकालावरून होते आणि विद्यार्थीही स्वतःची किंमत निकालावरूनच ठरवू लागतो. परंतु वर्षाच्या अखेरीस होणाऱ्या लेखी परीक्षेत एक मूलभूत उणीव आहे. मुलाला काय आले नाही हे ज्या दिवशी शिक्षकाला कळते, त्या दिवशी ते शिकवण्याची वेळ निघून गेलेली असते. उत्तरपत्रिका तपासून होतात, निकाल लागतो आणि शाळेला सुटी पडते. जूनमध्ये तेच मूल तीच उणीव घेऊन पुढच्या वर्गात बसते. मूल्यमापनाच्या पर्यायी पद्धतींचा विचार सुरू झाला तो ही उणीव दूर करण्यासाठी.

एक उदाहरण, तीन विद्यार्थी

तिसरीच्या वर्गात एक शाब्दिक उदाहरण दिले आहे, असे समजू. ५२ रुपयांपैकी २७ रुपये खर्च झाले, तर किती उरले? एका विद्यार्थ्याचे उत्तर ३५ आले, दुसऱ्याचे २६ आले आणि तिसऱ्याने कागद कोराच ठेवला. बरोबर उत्तर २५ असल्याने तिघांनाही शून्य गुण मिळाले. गुणपत्रकाच्या दृष्टीने तिघे सारखेच ठरले.

प्रत्यक्षात तिघांच्या अडचणी निरनिराळ्या आहेत. पहिल्याने २ मधून ७ जात नाहीत म्हणून ७ मधून २ वजा केले. त्याला एककाची आणि दशकाची स्थानिक किंमत समजलेली नाही. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे त्याच्या हाती देऊन एक गठ्ठा सोडून दाखवला, म्हणजे दशक सुटा करणे म्हणजे काय हे त्याला उमगेल. दुसऱ्याने दशक बरोबर सुटा केला, पण १२ मधून ७ वजा करताना त्याची मोजण्यात चूक झाली. त्याला रीत कळलेली आहे. थोडा सराव पुरेसा आहे. तिसऱ्याला हेच उदाहरण तोंडी विचारले असता तो अचूक उत्तर देतो, कारण बाजारात सुटे पैसे मोजण्याची त्याला सवय आहे. त्याला उदाहरण वाचताच आले नव्हते. त्याची अडचण गणितातील नसून वाचनातील आहे.

तिघांना एकच उपाय लागू पडणार नाही. शून्य हा गुण शिक्षकाला यांपैकी काहीच सांगत नाही. मुलाजवळ बसून ‘हे उत्तर तू कसे काढलेस?’ असा साधा प्रश्न विचारला, तर तो बरेच सांगून जातो. पर्यायी मूल्यमापनाचे सार या प्रश्नात आहे.

विचाराची वाटचाल

हा विचार एकाएकी आलेला नाही. डॉ. दौ. सिं. कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ च्या अहवालात अंतर्गत मूल्यमापनावर भर दिला होता, तसेच पहिली ते चौथी हा टप्पा शक्य तेथे एकसंध मानावा, अशी सूचना केली होती. महाराष्ट्राचे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे या आयोगाचे सदस्य-सचिव होते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सातत्यपूर्ण आणि सर्वंकष मूल्यमापनाचा पुरस्कार केला. पुढे बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याने या पद्धतीला कायद्याचा आधार दिला.

या कायद्याला अनुसरून महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० रोजी निर्णय घेतला आणि पहिली ते आठवीसाठी मूल्यमापनाचे दोन भाग केले. वर्गात शिकवताना चालणारे ते आकारिक मूल्यमापन आणि सत्राच्या अखेरीस होणारे ते संकलित मूल्यमापन. पहिली-दुसरीसाठी आकारिक भागाला शेकडा ७० भार देण्यात आला. तो तिसरी-चौथीला ६०, पाचवी-सहावीला ५० आणि सातवी-आठवीला ४० असा उतरत जातो. मूल जितके लहान, तितका लेखी परीक्षेचा वाटा कमी, असे यामागील तत्त्व आहे.

साधने आणि त्यांचा उपयोग

आकारिक मूल्यमापनासाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक अथवा प्रयोग, उपक्रम व कृती, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय व वर्गकार्य आणि स्वयंमूल्यमापनासारखी इतर साधने सुचवण्यात आली. चाचणी पुस्तक उघडे ठेवून घेण्याचीही मुभा आहे. पुस्तक समोर असले की पाठांतराचे प्रश्न निरर्थक ठरतात. ‘आपल्या गावातील विहिरींचे पाणी उन्हाळ्यात का आटते?’ यासारखा प्रश्न विचारावा लागतो आणि उत्तरासाठी मुलाला पुस्तकातील माहितीचा गावातील अनुभवाशी मेळ घालावा लागतो.

प्रकल्पाचेही तसेच आहे. पावसाळाभर शाळेच्या आवारात पाऊस मोजून त्याची नोंद ठेवणे हा उत्तम प्रकल्प होय. त्यात मापन, नोंद, आलेख आणि निष्कर्ष हे सर्व येते. याउलट, दुकानातून विकत आणलेला तयार तक्ता भिंतीवर लावला, तर त्यातून पालकांच्या खर्चाखेरीज काहीच मोजले जात नाही.

नोंद कशी असावी

या पद्धतीला सर्वांत मोठा धोका कागदाचा आहे. नोंदवही पूर्ण असणे म्हणजेच मूल्यमापन होणे, असा समज रूढ झाला, तर शिक्षकाचा वेळ मुलांकडून वहीकडे वळतो. ‘वाचनाची आवड आहे’, ‘प्रगती समाधानकारक’, ‘अधिक सराव हवा’ अशी ठरावीक वाक्ये नावे बदलून भरली जातात. अशा नोंदी कोणत्याही मुलाच्या नावापुढे शोभतात, म्हणूनच त्या कोणत्याच मुलाच्या उपयोगी पडत नाहीत.

उपयोगी नोंद लहान आणि नेमकी असते. ‘साधे शब्द सहज वाचतो, सूर्य, चक्र, राष्ट्र अशा शब्दांतील र ओळखत नाही’ एवढे लिहिले, तरी उद्या काय शिकवायचे हे ठरते. प्रत्येक मुलाबद्दल रोज लिहिण्याचीही गरज नाही. तीस मुलांच्या वर्गात रोज पाच मुलांकडे आळीपाळीने बारकाईने पाहिले, तरी सहा दिवसांत प्रत्येकाची पाळी येते. दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळायचे असतात अशा खेड्यांतील शाळांना हीच रीत झेपणारी आहे.

घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांच्या बाबतीत तोंडी मूल्यमापनाचे महत्त्व अधिकच आहे. मेळघाटातील कोरकू भाषा मराठीपासून सर्वस्वी भिन्न अशा मुंडा भाषाकुळातील आहे. तेथील मुलाला झाडाझुडपांची आणि पशुपक्ष्यांची भरपूर माहिती असू शकते. केवळ मराठीतील लेखी प्रश्नांना उत्तर देता आले नाही म्हणून त्याचा परिसर अभ्यास कच्चा ठरवणे योग्य नव्हे. अशा वेळी शिक्षकाने परिसराचे ज्ञान तोंडी तपासावे आणि मराठीतील उणीव स्वतंत्रपणे नोंदवून ती भरून काढावी.

‘नापास नाही’ म्हणजे ‘परीक्षा नाही’ नव्हे

२००९ च्या कायद्याने आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवण्यास मनाई केली. तिचा अनेक ठिकाणी चुकीचा अर्थ घेतला गेला. परीक्षा गेली, आता मोजमाप कशाला, असा सूर निघाला. वास्तविक, नापास करण्याचा मार्ग बंद झाल्यावर मागे पडलेल्या मुलाकडे वेळीच लक्ष देण्याची जबाबदारी वाढली होती. ती जेथे पाळली गेली नाही, तेथे मुले वाचता न येताच वरच्या वर्गात गेली आणि त्यांची उणीव नववीत उघडी पडली. कित्येकांच्या शिक्षणाला तेथेच खीळ बसली.

२०१९ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती करून पाचवी आणि आठवीच्या अखेरीस नियमित परीक्षा घेण्याची तरतूद केली. अनुत्तीर्ण मुलाला जादा मार्गदर्शन देऊन दोन महिन्यांत पुन्हा संधी द्यावी आणि त्यानंतर त्याला त्याच वर्गात ठेवावे की नाही, हे शासनाने ठरवावे, असे त्यात म्हटले आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपल्या नियमांत त्यानुसार बदल केला. या परीक्षेमुळे वर्षभराच्या निरीक्षणाची गरज मात्र संपलेली नाही. पाचवीच्या अखेरीस जे मूल अडखळेल, ते बहुधा दुसरीतच अडखळू लागलेले असते. दोन महिन्यांत भरून काढता येईल एवढीच उणीव शिल्लक राहावी, यासाठी आधीची पाच वर्षे आहेत.

पंचायतीचे आणि अधिकाऱ्यांचे कार्य

शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असे कायदा सांगतो. या सदस्यांना अध्यापनशास्त्र अवगत असण्याची आवश्यकता नाही. वर्गातील कोणती मुले अद्याप वाचत नाहीत, त्यांच्यासाठी गेल्या महिन्यात काय केले आणि त्याने काय फरक पडला, हे तीन प्रश्न समितीच्या बैठकीत नियमाने विचारले जावेत. उत्तर ऐकताना शिक्षकाला आरोपी ठरवू नये. मागे पडलेल्या मुलाचे नाव सांगणाऱ्या शिक्षकाला दोष मिळू लागला, तर पुढच्या वेळी सर्वच मुले कागदोपत्री हुशार ठरतील. मूल शेतीच्या हंगामात घरी राहत असेल किंवा पालकांबरोबर ऊसतोडीला जात असेल, तर त्यावरील उपाय समितीने आणि पंचायतीनेच शोधावयाचा आहे.

केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी यांनीही शाळाभेटीच्या वेळी नोंदवह्यांवर सही करण्यापूर्वी चार-पाच मुलांचे वाचन ऐकावे आणि त्यांच्याविषयीच्या नोंदी नंतर पाहाव्यात. वही आणि मूल एकच गोष्ट सांगत असतील, तर त्या शाळेत मूल्यमापन होत आहे. दोहोंत अंतर आढळले, तर वहीवर शेरा मारण्यापेक्षा शिक्षकाबरोबर बसून त्या मुलासाठी पुढील पंधरा दिवसांचे काम ठरवून देणे अधिक फलदायी होईल.