विषय टाळू नका, विचारा

प्रश्न : माझा धाकटा भाऊ मनोरुग्णालयात दाखल आहे. ‘मरून जावं’, कधी ‘कुणाला तरी मारावं’ असे विचार येतात, असं त्याने डॉक्टरांना सांगितलं होतं. आता त्याला घरी सोडणार आहेत. घरी हा विषय काढावा की टाळावा?

उत्तर : जरूर काढा. विचारल्याने असे विचार डोक्यात शिरतात, हा गैरसमज आहे. ‘जगणं नकोसं वाटतं का? मनात काही ठरवलंयस का?’ असं शांतपणे, सरळ विचारा आणि उपदेश न करता ऐकून घ्या.

बहुतेक मनोरुग्ण हिंसक नसतात. मात्र ‘मार’ असा हुकूम देणारे आवाज ऐकू येणं, टोकाचा संशय, दारू किंवा सुटलेली औषधं यांमुळे धोका वाढतो. असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

रुग्णालयातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत जोखमीचे. म्हणून पहिल्याच आठवड्यात फेरतपासणी ठरवा. गोळ्या घरातल्या कुणीतरी आपल्या ताब्यात ठेवून वेळच्या वेळी द्याव्यात. शेतीची औषधं घरात ठेवू नका. बरं वाटलं तरी सल्ल्याशिवाय औषध बंद करू नका.

‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनची १४४१६ ही मोफत सेवा चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. धोका समोर दिसत असेल तर ११२ला फोन करा आणि त्याला एकटं सोडू नका. वेळेवर मदत मिळाली, तर हे विचार ओसरतात.